रक्तवाल्या बाई

मॅडम भर पंगतीतून उठायच्या. पहिला भात संपतो न संपतो तोच घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "चला, माझी पोरं उपाशी असतील." वाढपी जिलबीचं ताट घेऊन तसाच उभा! पोरं म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूलपेशी. त्यांना रोज ताजा खुराक लागतो. रविवार नाही, दिवाळी नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नातून अशा निघाल्या, तेव्हा बहिणीनं कितीतरी दिवस अबोला धरला होता. मी त्यांची विद्यार्थिनी. नाशिक रोडहून धडपडत प्रयोगशाळेत पोचायचे, तर ह्यांचं पोरांना भरवून झालेलं असायचं.

आम्ही इंग्रजी पाजळलेलं त्यांना खपायचं नाही. "आईला समजेल असं सांग, नाहीतर गप्प बस." जनुकातली दुरुस्ती म्हणजे काय? तर "स्वेटराचा एक टाका चुकलाय. अख्खा स्वेटर उसवू नका, तेवढा टाका उचला." मोठमोठ्या परिषदांतही हेच. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी मागे बसून उगाचच फुगायचे. ही हातोटीच त्यांना नडली, हे आता लिहितानाही कसंतरी होतं.

पेठ तालुक्याकडच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल फार. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि अंग असं ठणकतं की माणूस गुरासारखा ओरडतो. मॅडम तिथं नमुने घ्यायला जायच्या. पाड्यावर त्यांचं नावच पडलं, रक्तवाल्या बाई. सोमीबाईच्या यमुनेला हा आजार होता. मॅडमनी सोमीबाईला समोर बसवून सांगितलं, "पोरीच्या रक्तात एक चूक आहे. ते रक्त मी नेते, चूक दुरुस्त करते. असं दुरुस्त केलेलं एक दिवस माणसाला परत देता येईल." सोमीबाईनं मान डोलावली. आम्ही खूश. किती सोपं सांगितलं बाईंनी!

पुढच्या खेपेला गेलो, तर यमुना गोधडीवर कण्हत पडलेली. डोळे पिवळे, गुडघे सुजलेले. दवाखान्यातून मिळणाऱ्या रोजच्या गोळ्या सोमीबाईनं केव्हाच बंद केल्या होत्या.

"गोळ्या कशाला देऊ? खराब रगत तुमी नेलं ना, बाई? चांगलं येस्तोवर थांबलो हाय आमी."

मॅडम यमुनेच्या उशाशी बसल्या. "अगं, मी 'एक दिवस' म्हटलं होतं," असं काहीतरी मला म्हणायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. पोरीला जीपमध्ये घालून नाशिकला सरकारी रुग्णालयात आणलं. देवाची कृपा, वाचली.

यमुना उठून बसायला लागली, तशा मॅडम सोमीबाईला प्रयोगशाळेत घेऊन आल्या. मी म्हटलं, "कशाला, मॅडम?" तर म्हणाल्या, "तिच्या पोरीचं आहे. तिला बघू दे." यमुनेच्या रक्तापासून केलेल्या मूलपेशींतली चूक तोवर दुरुस्त झाली होती. त्यांच्यापासून तयार झालेल्या रक्तपेशी छान गोल दिसत होत्या. सोमीबाईनं पदर सावरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"झालं ना बरं? मंग घाला की पोरीला."

"नाही घालता येत, सोमीबाई. हे अजून बशीतच जमलंय. माणसात करायला फार वर्षं लागतील."

"मंग नेलं कशाला?"

मॅडमनी हात जोडले. "चुकलं माझं."

सोमीबाईच संकोचली. "असू द्या, बाई. आमी थांबू."

त्या 'थांबू'नं मॅडम पार खचल्या. "चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं," म्हणायच्या. पुढे शहरात सत्कार ठरला, तेव्हा आयोजकांना फोनवर म्हणाल्या, "शाल कशाला? तोंड लपवायला?" आणि धाडकन ठेवून दिला. गेल्याच नाहीत. त्या दिवशी पाड्यावर होत्या, गोळ्या चालू आहेत ना ते बघायला.

गेल्या हिवाळ्यात मॅडम अचानक गेल्या. पाड्यावर सांगायला मी एकटीच गेले. सोमीबाई हमसून हमसून रडली, "लय मायेची बाई व्हती" म्हणाली. मग डोळे पुसून जवळ सरकली.

"मंग यमुनेचं रगत आता कुनाकडं हाय?"

"माझ्याकडे," म्हटलं. आणि मान काही वर होईना.