फिनेलचा वास

आमची मावशी सफाईची कंत्राटं घेते. रुग्णांना ठसका लागू नये म्हणून ती फरशी पुसायला बिनवासाचं औषध वापरते. सरकारी दवाखान्याच्या निविदेत प्रात्यक्षिक होतं. तिने पुसलेल्या फरशीला फिनेलचा वास नाही म्हणून समितीने गुण कापले आणि कंत्राट दुसऱ्याला दिलं. मावशीचं डोकंच फिरलं. तिने हरकत घेतली.

सुनावणीत ती म्हणाली, "साहेब, वासाला गुण आहेत हे निविदेत कुठं लिहिलंय?"

साहेबांनी निविदा चाळली. कुठंच नव्हतं. गुण नव्याने दिले आणि कंत्राट मावशीला मिळालं. तिचा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन फरशी पुसून ती निवांत टेकली, तोच तिच्या सासूबाई नाक उडवत म्हणाल्या, "आज पुसलं नाहीस वाटतं."

इथे हरकत घ्यायची सोय नव्हती. मावशी हसत उठली आणि तिने बादलीत झाकणभर फिनेल ओतलं.