लेबलवरचं नाव

शालन तापाने गेल्याचं आमच्या महाडच्या कॉलेजातल्या क्लार्कने स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायचीही लाज वाटते... आता हर्बेरियमच्या, म्हणजे सुकवलेल्या झाडांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे येईल! शालन आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली परिचर, जवळच्या कापडे गावची, दहावी झालेली. मी प्राध्यापिका. तरी इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते.

झाडं सुकवावीत तर तिनेच. रद्दीच्या थप्पीत दाबून ठेवलेल्या झाडांचे कागद ती पावसाळ्यात रोज बदलायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा एसटीने येऊन. "कागद ओला ऱ्हायला की बुरशी धरते मॅडम, मंग पोरांना दाखवाल काय?" मी आपली फोटो काढून मोकळी. एकदा पुण्याहून आलेल्या संशोधकांना मी आंबेनळी घाटातल्या एका फुलाचा फोटो मोठ्या ऐटीत दाखवला. "फोटोतलं फूल उघडता येत नाही हो," ते म्हणाले. शालनने मुकाट्याने कपाटातून तेच झाड आणलं, कागदावर चिकटवलेलं. त्यांनी एक सुकं फूल गरम पाण्यात भिजवलं, भिंगाखाली उघडलं, आतले पुंकेसर मोजले आणि खुशीत विचारलं, "संग्राहक कोण?" लेबलवर नाव शालनचं. माझा नुसता तिळपापड झाला. पुढे त्या जागी दरड कोसळली, झाड तिथे पुन्हा दिसलं नाही. आता ते आहे फक्त तिच्या त्या कागदावर.

शेवटचं आम्ही दोघी घाटात गेलो, तेव्हा एक झुडूप आधी मला दिसलं. मी छत्री धरून रस्त्यावर उभी. निसरड्या उतारावरून खाली गेली ती, आणि मुळासकट घेऊन वर आली. गाडीत मी फणकाऱ्याने म्हटलं, "दिसलं मला, नाव माझं लागेल!"

"घाला की मॅडम," ती हसली, "झाडाला काय त्याचं?"

किल्ली आली तेव्हा, शालन आजारी पडल्यापासून कागद कुणीच बदलले नव्हते. बाकीची झाडं कुजलेली, घाटातलं ते झुडूप तेवढं वाचलं होतं. रोज दुपारी मी कागद बदलत गेले. परवा ते पुरतं सुकलं. लेबलवर ठिकाण, तारीख, फुलाचा रंग, सगळं तिच्या अक्षरात; संग्राहकाची ओळ तेवढी तिने कोरी सोडलेली... माझ्यासाठी. पेन उघडून कितीतरी वेळ बसले. शेवटी तिचंच नाव घातलं. फार मोठं मन झालं असं काही वाटलं नाही, उलट रागाने रडूच आलं. मेलीस तरी मला पुढे जाऊ दिलं नाहीस ना गो, शालन!