मंगळवारची गोळी

टेकचंदभाऊ गेल्याचा फोन सौंदडहून आला तेव्हा मी कणीक मळत होते. स्क्रीनवर त्याच्या थोरल्या भावाचं, हेमराजभाऊंचं नाव दिसलं आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर वैताग. सकाळीच टेकचंदभाऊनं छातीत दुखतंय म्हणून फोन केला होता. आता घरातले बाकीचे सुरू झाले, असं वाटलं. पिठाच्या हातानंच फोन घेतला. "शालू, टेकू गेला व..." एवढंच हेमराजभाऊ बोलले. दिवेलागणीची वेळ होती. तीन आठवडे झाले, त्या वैतागाची मला अजून लाज वाटते.

तो माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा गावानं बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून ठरवून टाकलं आणि लिंबू-धाग्यांत त्याची दोन वर्षं मातीत घातली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मावशीनं तो कागद धान साठवायच्या ढोलीत लपवला. गोळ्या मात्र लागू पडल्या. पुढं वीस वर्षं त्यानं धानाच्या बांधीत रोवणी केली, पाण्याच्या पाळीसाठी भांडला, पुतणीला, हेमराजभाऊंच्या पोरीला, सायकलवर बसवून शाळेत पोचवलं. आणि लपवायचं त्याला कधी कळलंच नाही. पाहुण्यांसमोर चहा पिता पिता सांगायचा, मले स्किझोफ्रेनिया आहे, रोज गोळी खातो, शुगरवाले नाही का खात? घरचे शरमेनं खाली बघायचे. मला मात्र भारी अभिमान वाटायचा. गोंदियाला माझ्या शाळेत मी मानसिक आरोग्यावर भाषणं ठोकायची, त्यात त्याचा दाखला द्यायची.

गावात खरी किंमत होती ती त्याच्या दातांना. धान खरेदी केंद्रावर ओला माल परत पाठवतात, म्हणून गाडी भरण्याआधी लोक मूठभर धान घेऊन त्याच्या ओसरीवर यायचे. तो एक दाणा दाढेखाली धरायचा, कट्‌ असा आवाज ऐकायचा, आणि सांगायचा, "आणखी दोन उन्हं दे." केंद्रावरचं मशीन नंतर तेच सांगायचं. त्याला मागून पागल म्हणणारेसुद्धा समोर मूठ घेऊन उभे राहायचे. दाण्यातल्या ओलीबद्दल त्याचा शब्द अख्ख्या गावाला मान्य होता, स्वतःच्या शरीराबद्दलचा मात्र कोणालाच नाही. डोकं दुखतंय म्हटलं, भाजी खारट झाली म्हटलं, पुतणीला शिकू द्या म्हणून आवाज चढवला, तरी घरातून एकच प्रश्न यायचा, गोळी घेतली का? बिचारा चिडायचाही नाही. गोळ्यांच्या पट्टीवर प्रत्येक खणामागे बॉलपेननं वार लिहून ठेवायचा आणि कोणी विचारलं की खिशातून पट्टी काढून दाखवायचा. मी त्याला हा प्रश्न कधी विचारत नव्हते. म्हणूनच त्या मंगळवारी सकाळी त्यानं मला फोन केला.

मी चाचणीचे पेपर तपासत होते. तो म्हणाला, "शालू, छातीत दाबून राहिलं व. डावा हात भारी लागते. हे लोक ऐकून नाही राहिले, तू सांग त्यायले."

आणि मी, भाषणं ठोकणारी बाई, लाल पेन हातात धरून म्हणाले, "गोळी घेतली का?"

तो मग म्हणाला, "ते गोळी डोक्याची होय, शालू. हे छाती होय." आराम कर, संध्याकाळी बोलू, असं म्हणून मी फोन ठेवला. हेमराजभाऊंना फोन केला नाही. एक फोन... केला नाही.

दुपारी घाम सुटला तेव्हा घरचे त्याला दवाखान्यात घेऊन गेले. दारातच हेमराजभाऊंनी सांगितलं, याची डोक्याची ट्रीटमेंट चालू आहे जी. वीस वर्षं जे सोयऱ्याधायऱ्यांपासून लपवायला बघितलं, ते उघडपणे बोलले तर नेमकं तिथं! ईसीजीचा पट्टा कोणी काढला नाही, छातीला नळीसुद्धा लावली नाही. नुसता घाबरलाय म्हणून डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. त्या झोपेतून तो उठलाच नाही. आम्ही सगळ्यांनी त्याला दगा दिला, आणि माझा दगा सगळ्यात वाईट, कारण माझ्याकडे तो भरवशानं आला होता.

तेरवीला हेमराजभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला अटॅक, अटॅक म्हणून सांगत होते. त्याच्या छातीवर घरानं विश्वास ठेवला, पण तो मेल्यावर. तरी पंगतीत कोणीतरी कुजबुजलंच, गोळ्या सोडल्या असतील. जेवणं उरकल्यावर हेमराजभाऊंनी मला बाजूला घेतलं. "टेकूवर पेपरात लिहून राहिली म्हणते. लिही. पण त्या बिमारीचं नाव नको लिहू व, पोरीचं लग्न जमून राहिलं आहे." त्यांचे डोळे भरले होते, त्यांचंही प्रेम होतं त्याच्यावर, हे मला नाकारता येत नाही. पुतणी मागेच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "लिही आत्या. ज्याले चालत नसन, तो मलेही नाही चालत." मी लिहिलं. हेमराजभाऊ बोलणं टाकतील माझ्याशी. टाकू देत.

निघताना हेमराजभाऊंच्या बायकोनं, वहिनीनं, त्याचा त्या दिवशीचा शर्ट माझ्या हातात दिला. खिशात धानाचे दोन-तीन दाणे होते आणि ती पट्टी. फोनवरून त्याला ती दाखवता आली नव्हती. आता ती माझ्या पर्समध्ये असते, शाळेत पेन काढताना हाताला लागते. बुधवारपासून पुढच्या गोळ्या जागच्या जागी आहेत. सोमवारचा खण फुटलेला आहे, आणि मंगळवारचाही.