कॉफीचं स्टॅम्पिंग

"ताई, पोर्तो रिको अमेरिकेतच आहे ना?" मिलिंदचा फोन.

"आहे."

"मग माझी कॉफी तिथे कस्टम्सनं का अडवली?"

मी अमेरिकेत, बेलव्ह्यूत कस्टम्स ब्रोकर आहे. म्हणजे लोकांच्या मालाचे कागद करते आणि त्यांच्या चुकांची बोलणी खाते. मिलिंद नागपूरचा. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून कॉफी भाजायला लागला. बिया चिकमंगळूरच्या, भट्टी इथली. पोर्तो रिकोच्या राजधानीतल्या, सॅन हुआनमधल्या नव्या हॉटेलची ऑर्डर मिळाली, त्याची पहिलीच मोठी. शनिवारी ओपनिंग. पठ्ठ्यानं माल परस्पर एअर कार्गोनं पाठवून दिला.

"मला विचारायचं तरी."

"डोमेस्टिकच आहे म्हटलं. H1 व्हिसावर नोकरी करताना आम्ही तिथेच व्हेकेशनला जायचो. स्टॅम्पिंगची कटकट नाही, व्हिसा कोणी बघत नाही."

आता काय बोलणार. आपल्या निम्म्या लोकांचं पोर्तो रिकोचं ज्ञान एवढंच. व्हिसाचा शिक्का एक्सपायर झालाय, देशाबाहेर पडलं की परत यायचे वांधे, म्हणून तिथला बीच.

मी समजावलं. एरवी अमेरिकेतल्या अमेरिकेत माल हलवला तर ड्यूटी लागत नाही. पण पोर्तो रिको राज्य नाही, टेरिटरी आहे, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश. तिथल्या डोंगरात कॉफी पिकते. काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, त्या टेरिटरीला खास अधिकार दिलाय की बाहेरच्या कॉफीवर ड्यूटी लावा. परदेशात पिकलेली कॉफी अमेरिकेतून आली, तरीही लावा.

"पण मी ती इथे भाजलीय."

"कायदा पिकली कुठे ते विचारतो."

"म्हणजे इथे कितीही भाजून घ्या यार, मूळ कुठलं हेच विचारणार."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"बॉक्सवर चिकमंगळूर छापलंच नसतं तर?"

"हे परत बोललास तर दुसरा ब्रोकर बघ. माझं लायसन्स जाईल."

मग त्यानं मुकाट्यानं ड्यूटी भरली. माल सुटला सोमवारी. शनिवारची वेळ मारून न्यायला हॉटेलनं जवळच्या डोंगरातल्या एका शेतकऱ्याची कॉफी आणली होती. पाहुण्यांना ती आवडली. मॅनेजरनं फार गोड शब्दांत कळवलं की यापुढेही हीच ठेवतोय.

माणसाला जिथे कोणी अडवत नाही, तिथे मालालाही अडवणार नाहीत असं धरून चालू नये. एवढंच मी मिलिंदला सांगितलं. तो वैतागलेलाच होता.

"पण ताई, असल्या कायद्याचा कुणाला उपयोग तरी होतो का?"

"झाला ना," मी म्हटलं. "शनिवारीच झाला."