लाल दोऱ्याचं रीळ

शिवणाच्या डब्यात लाल दोऱ्याचं रीळ हाताला लागलं, की अजून फिनेलचा वास येतो. निजामी जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. मी परभणीच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात नर्स होते. पेनिसिलीन टोचूनही काहींच्या जखमांतला पू हटेना. तो कुठून कुठं पसरतोय ते कळावं, म्हणून अशा प्रत्येक खाटेला मी लाल दोरा बांधायची. पेडगावच्या एका बाळंतिणीची सासू म्हणाली, “बाई, आमच्या खाटंलाबी बांधा की. लेकरू लय लहान हाय.” “अहो, तो गंडा नाही, दुखण्याची खूण आहे,” मी सांगितलं, पण तिला काही पटलं नाही. चौथ्या दिवशी सुनेच्या टाक्यांतूनही पू आला. दोरा बांधून मी मान वर केली आणि ध्यानात आलं, जिथं मोठे डॉक्टर स्वतः पट्टी बदलत, त्याच खाटांना दोरे होते. त्यांच्या अंगठ्याला पिकलेलं नखुरडं होतं. त्यांच्यापुढं आम्ही खोकतसुद्धा नसू, तरी मी हे बोलले. ते सगळ्या खाटांवरून सावकाश नजर फिरवत राहिले. मग त्यांनी मनगट पुढं केलं. “बांधा. हे सुकेपर्यंत मी पट्टीला हात लावणार नाही.” मी दोरा गुंडाळला, पण गाठ बसेना. शेवटी ती सासूच पुढं झाली आणि गाठ मारून म्हणाली, “आता बरं वाटंल बघा तुमाला.” हा गंडा नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं नाही. त्यानंतर नवा दोरा लागला नाही. सूनही महिन्याभरानं लेकराला कडेवर घेऊन आपल्या पायांनी घरी गेली. तो गंडा नव्हता, असं आता मलाही ठामपणे म्हणवत नाही.