ओळीत न बसलेलं नाव

ओळ जुळवून झाली की काका तिच्या शेवटावरून अंगठा फिरवायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "नाही भाऊ, मन मानून नाही राहिलं."

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. पांढुर्ण्याच्या छापखान्यात ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, मी मुद्रितं तपासायचो. त्यांना स्टूल दिलं होतं, पण त्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. चार खिळे उचलायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. त्यांच्यापायी मलाही धड बसवेना.

ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर आम्ही सरळ तोडायचो. काकाही तोडत, पण माणसाचं नाव कधीच नाही. "माणसाले अर्धं वर, अर्धं खाली टांगता काय?" नाव अख्खं खाली घ्यायचे आणि वरची ओळ ढिली पडली म्हणून तिच्यातल्या फटी सारख्या करत राहायचे. एकदा घरी जायची तिगावची गाडी फलाटावर उभी असताना धापा टाकत परत आले. कुणाच्या तरी आजोबांचं नाव तुटल्याचा संशय! तुटलं नव्हतं. गाडी मात्र गेली. मी हसलो, तेही हसले.

मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः जुळवायला घेतली. काकू वारल्या होत्या. मुलीनं एकच मागितलं होतं, पत्रिकेत आईचं नाव हवं. वेलबुट्टीचं तयार कार्ड, आईबापासाठी एकच ओळ. काकूंच्या नावाआधी 'कालकथित' आलं, पुढे काकांचं नाव मावेना. बारीक खिळे झिजलेले, त्यांत नाव पुसट उठायचं. दिवसभर जुळवत, मोडत राहिले.

"तोडा ना काकूंचं नाव, आद्याक्षरं घाला, एवढं काय त्यात!" मी वैतागलो.

"जिती होती तवा लय तुटली बिचारी," ते म्हणाले. "आता नाही."

पत्रिका छापून निघाली, तिच्यात बापाचं नावच नव्हतं. "बसून नाही राहिलं," एवढंच बोलले. लग्नात व्याह्यांनी विचारलं तेव्हाही तेच. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

तीन वर्षांनी काका गेले. शोकसभेचं पत्रक मी जुळवलं, त्यांच्याकडूनच शिकलो होतो. मजकूर फार, कागद लहान. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. मग त्यांच्या नावाला अख्खी ओळ दिली. दोन्हीकडे जागा मोकळी राहिली.

मालकांनी कागद पाहिला. "इथं अजून दोन नावं बसतीन ना भाऊ."

"नाही बसत," मी म्हणालो.