शेजारच्या गाडीतली चावी माझ्या रेडिओवर

कम्युनिटीतल्या गाडीवाल्यांनो, घरी आल्या आल्या लिहितेय.

संध्याकाळी ठाण्याहून येताना वरसावे नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले. ताईशी बोलून झालं आणि हॅण्ड्सफ्री बंद केलं. तेच ते, लायटरमध्ये खोचायचं, फोनवरचा आवाज एफएमने गाडीच्या रेडिओत सोडणारं. तर ते बंद केल्यावरही रेडिओतून, त्याच स्टेशनवर, भलतीच मुलगी बोलायला लागली!

"पप्पा, मी क्लासला निघाले. मम्मी उशिरा येणारे. चावी मीटर बॉक्समध्ये ठेवलीये. ऐकताय ना?"

बाजूच्या गाडीतल्या माणसाने मान डोलावली. त्याच्या काचेवर सोसायटीचा पार्किंग स्टिकर होता, विंग आणि फ्लॅट नंबरसकट.

मी उतरून त्याची काच वाजवली. सगळं सांगितलं तर तो भडकलाच. "मॅडम, आमचं बोलणं चोरून ऐकता?"

"चोरून कसलं? तुमचं यंत्रच सगळ्यांना ऐकवतंय! माझ्याकडेही हेच आहे. दुकानदाराने सगळ्यांना लावून दिलेलं एकच स्टेशन आपण कोणी बदलतो का?" असं म्हणून मी त्या स्टिकरवर बोट ठेवलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मुलीला परत फोन लावायच्या आधी त्याने ते यंत्र उपटून काढलं.

तुमच्याकडेही हेच आहे ना? मग गाडीत कोण तुमच्याशी काय बोललं, जरा आठवून बघा.

मी मघापासून तेच आठवतेय. गायमुखपासून नाक्यापर्यंत ताई रडत रडत सांगत होती, भावोजी हात उगारतात म्हणून. पुढेमागे गाड्याच गाड्या होत्या.

माझी काच कोणीच वाजवली नाही.